लाईट गेली की विमान

एखादी वस्तू चार जणांनी मिळून बनवायला घेतली की ती वस्तू होते किंवा होत नाही, पण सांगण्यासारखं मात्र भरपूर साठतं. घरात रद्दी साठते तसं. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक दिवस बघावं तर कोपरा भरलेला. आमच्या विमानाचं तसंच झालं. कुठंही चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते लिंबाचं सांगा." लिंबाचं झालं की साडीचं, साडीचं झालं की यष्टीचं. शेवटचं मात्र मी सगळ्यांना सांगत नाही. आज सांगतो.

आधी माणसं सांगून ठेवतो, म्हणजे घोटाळा नको. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत विलासचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. उसाचा पट्टा. विहिरीवरच्या, नदीवरच्या मोटरी जळायच्या आणि विलास त्या भरून द्यायचा. राहायला पणदऱ्याला. सार्जंट कदम इंदापूरचे, एअरफोर्समधून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विमानांचे नट आवळले, ही त्यांची खंत. रिमोटवरची छोटी विमानं उडवायला मात्र नोकरीतच शिकले होते आणि त्याचा रेडिओ सेटही त्यांच्याकडे होता. मी हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. सार्जंटांच्या एका परदेशी मासिकात वीतभर नकाशा होता. त्यावर चौकोन पाडून तो सहा फुटी करणं हे माझं काम. मी स्वभावानं भित्रा आणि तोंडानं फाटका. त्यामुळं कुणी न विचारता "हे पडणार" असं सांगायचं कामही आपोआप माझ्याकडंच आलं.

विमान दुपंखी. म्हणजे एकावर एक दोन पंख, आणि हवेत कोलांट्या मारणारं. असली विमानं त्या काळी इंजिनावर उडवत. सार्जंटही तेच म्हणत होते. पण विलास हटून बसला.

"इंजिन न्हाय. मोटर. मोटर मला कळती."

पुढचं सगळं रामायण ह्या एका वाक्यातून झालं.

* * *

विमान बांधायला जागा हवी. ती होती. विलासच्या घरामागं मेंढरांचा वाडा होता, आणि तो रिकामा होता.

तो रिकामा कसा झाला हे सांगितलंच पाहिजे. विलासचे वडील, आबा, जन्मभर मेंढरं घेऊन हिंडलेले. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तरी आवाजावरून कोणतं मेंढरू लंगडतंय ते सांगायचे. ऑपरेशनला ते पुण्याला लेकीकडं गेले आणि इकडं विलासनं कळप विकला. आबांच्या डोळ्यांची काळजी म्हणूनच विकला, पण विचारलं नाही. आबा पट्टी काढून घरी आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी पहिलं काय बघितलं, तर रिकामा वाडा.

त्या दिवसापासून आबा विलासशी बोलले नाहीत. एका ताटाला ताट लावून जेवायचे, पण बोलायचं ते सुनेशी. समोर विलास बसलेला असायचा आणि आबा म्हणायचे, "सुनंदा, त्येला म्हणावं, मीठ सरकव."

सुनंदा वहिनी म्हणायच्या, "आवं, आबा म्हणत्यात मीठ सरकवा."

विलास मीठ सरकवायचा. असं वर्षानुवर्षं.

त्या वाड्यात आम्ही घायपाताचे वाळलेले दांडे चिरून फासळ्या करू लागलो. माळावर फुकट मिळतात आणि हलके इतके की फुंकर मारली तर उडतील. आबा रोज वाड्यावरून जायचे, मान वळवायचे नाहीत. विलास मला एकदा म्हणाला, "सर, येकदा आत येऊन बघावं त्यांनी. बघून शिव्या दिल्या तरी चालत्याल."

मी म्हटलं, "शिव्या दिल्या तर तेही वहिनींकडूनच देतील."

तो हसला नाही. मलाही बोलल्यावर वाईट वाटलं.

* * *

मोटर पहिल्यांदा जोडली तो दिवस. विटेएवढा जड सेलचा पट्टा विमानाच्या पोटात बसवला. रिमोट माझ्या हातात दिला होता, कशाला हात लावायचा नाही ह्या अटीवर. मी लावलाही नव्हता. सार्जंट पुढं वाकून पात्याचा नट तपासत होते.

आणि पातं फिरलं.

एकदम, भर्रकन. सार्जंट मागं कोसळले. त्यांच्या बाहीचं बटण कुठं उडालं ते आजवर सापडलेलं नाही. पातं थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रिमोट जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. तेवढ्यात मागची शेपटी आपोआप डावीकडं गेली, उजवीकडं गेली, आणि पातं पुन्हा फिरलं. विलासनं झेप घालून वायर उपटली.

सुनंदा वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच विमानावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची तयारी सुरू केली. तेव्हा विलासनं बोट वर केलं. शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणी थांबली, चालू झाली. विलासनं वायर पुन्हा जोडली, सगळ्यांना लांब उभं करून. गिरणी सुरू झाली की शेपटी हलायची. गिरणीची मोटर जुनी, आत ठिणग्या उडायच्या, आणि त्या ठिणग्यांना आमचा रेडिओ हुकूम समजत होता.

सार्जंट उठले, पँट झटकली आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "वहिनी, मीठ-मोहऱ्या राहू द्या. ज्वारी दळायला कोण आलंय ते बघा, आणि अजून किती पायल्या आहेत ते विचारून या."

* * *

पंखांना कापड हवं होतं. हलकं, घट्ट विणीचं. वहिनी शिवणकाम करायच्या. त्यांनी ट्रंकेतून दोन कधी न नेसलेल्या नायलॉनच्या साड्या काढल्या. एक पोपटी, एक जांभळी. वरच्या पंखाला पोपटी, खालच्या पंखाला जांभळी. ताणून चिकटवलं, वरून लाखेचा हात दिला. ढोलासारखं वाजायला लागलं.

आणि दुसऱ्याच दिवशी विलासची आत्या आली. पोपटी साडी तिनं दिलेली, वहिनींच्या ओटीत.

तिला वाड्याकडं जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. वहिनींनी चहा केला, पोहे केले, पुन्हा चहा केला. मी तर शाळेतल्या सगळ्या मुलांचे किस्से सांगून संपवले. आत्या काही हलेना. आणि जाता जाता "आबांचा वाडा बघून जाते" म्हणून ती थेट आत शिरली. आम्ही मागून. विलासनं विमानावर चादर टाकली होती, पण सहा फुटाच्या पंखाला चादर कुठली पुरायला? काठ बाहेर दिसत होता.

आत्यानं चादर काढली. पंखावरून हात फिरवला. पदराची नक्षी शोधून काढली. वहिनी दोन पावलं मागं सरल्या. सासरच्या माणसानं दिलेल्या साडीची ही गत, म्हणजे आता भाऊबंदकीत जन्मभर ऐकावं लागणार.

"ही माजी," आत्या म्हणाली.

"व्हय, आत्या."

"आन खालच्या पंखाला कुणाची?"

"पुण्याच्या वन्सांची."

आत्यानं थोडा विचार केला.

"मग ऱ्हाऊ दे. माजी वर हाय न्हवं?"

* * *

लिंबाचं हेच.

पहिलं उड्डाण मोरगावच्या बाजूच्या माळावर करायचं ठरलं. तिकडं कोरडवाहू, मोटरी कमी. विमान टेम्पोत घालून नेलं. एक पट्टा दगड वेचून साफ केला. "हे पडणार" माझं सकाळपासून दोनदा म्हणून झालं होतं.

आपल्याकडं नवीन गाडी आली की पूजा होते. ट्रॅक्टर असो नाहीतर लुना, हार घालायचा, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यावरून न्यायची. वहिनींनी सगळं रीतसर केलं. हार सार्जंटांनी काढायला लावला, वजन वाढतं म्हणून. नारळ लांब फोडला. सार्जंटांनी रिमोट घेतला, सगळ्यांना मागं सारलं, आणि मोटर सोडली.

चाकाखालची लिंबं कुणाच्या लक्षातच आली नाहीत. ट्रॅक्टर लिंबावरून गेला तर लिंबू चिरडतं. आमचं विमान लिंबावरून गेलं तर विमान चिरडायची वेळ. उजवं चाक लिंबावर चढलं, डाव्याखालचं लिंबू घरंगळून गेलं. विमान तिरकं झालं, पट्टा सोडून न साफ केलेल्या दगडांत घुसलं आणि नाकावर उभं राहिलं. पातं तुटलं, चाकं निखळली आणि मोटर धूर सोडायला लागली.

विलास मोटरशेजारी उकिडवा बसला होता. ती परदेशी होती, सार्जंटांच्या मेहुण्यानं आणलेली. दुसरी मिळणार नव्हती.

सार्जंट वहिनींना म्हणाले, "वहिनी, मी मिगवर काम केलंय. त्यात पन्नास गोष्टी तपासायच्या असतात. पण लिंबू काढलं का, हे त्या यादीत नव्हतं."

मोटर विलासनं पुन्हा भरली. एरवी तो पाच हॉर्सपॉवरच्या मोटरी भरणारा माणूस. ही मुठीत मावणारी, केसासारख्या बारीक तारेची. भरताना तो कुणाशी बोलायचा नाही, जेवायलाही उठायचा नाही. झाल्यावर म्हणाला, "आता ही जळली तर मला पुन्यांदा जमायचं न्हाय. तार कागदावानी झालीया आतली."

* * *

माळ बाद झाला. चाकांना दगड चालेना. सार्जंटांनी मग भिगवणची जागा काढली. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं आणि तळाची जमीन उघडी पडते. टेबलासारखी सपाट आणि टणक.

जागा बघायला जाताना वरचा पंख सोबत घेतला, वाऱ्यात धरून बघायला. टेम्पो मिळाला नाही म्हणून यष्टीनं. पंख खिडकीशी आडवा धरला, चार अनोळखी माणसांनी आपण होऊन आधार दिला. खड्डा आला की सगळी बस "संभाळाऽऽ" म्हणायची. आत्याची साडी फाटली तर आत्याला तोंड कोण दाखवणार?

कंडक्टर आला. "ह्ये काय?"

विलास म्हणाला, "इमान."

कंडक्टरनं पंख बघितला, विलासला बघितलं आणि पंच टकटक वाजवत पुढं गेला. जाता जाता म्हणाला, "इमान हाय, तर यष्टीनं कशाला निघालाय?"

* * *

भिगवणला जागा झकास होती, पण एक गोची होती. पाणी मागं सरकलं की लोकांच्या मोटरी पण पाण्यामागं सरकतात. त्यामुळं काठानं मोटरींची रांगच. एक गिरणी आमचं विमान नाचवत होती, इथं तर पंचवीस-तीस मोटरी ओळीनं.

सर्वांत जवळची मोटर रामभाऊंची. आम्ही तिघं त्यांच्याकडं गेलो. मास्तर म्हणून बोलायचं काम माझ्यावर.

"रामभाऊ, अर्धा तास मोटर बंद ठेवाल का? आम्हाला विमान उडवायचंय."

रामभाऊ उसाला पाणी देत होते. फावडं थांबवून म्हणाले, "गुरुजी, आठवड्यानं दिवसाची लाईट मिळालीया. तुमी आसं करा, इमान बंद ठिवा."

तेव्हा आमचा नियम ठरला: लाईट गेली की उडवायचं. रामभाऊंनीच लाईट जायची वेळ सांगितली आणि एक गोष्ट बजावली. "पर आली तर हुबं ऱ्हाऊ नगा. समद्यांच्या मोटरींना ऑटो हाय. लाईट आली की समद्या येकदम उठत्यात. कवाकवा येवढ्या उठत्यात की डीपीच उडती, आन पुन्यांदा समदं बंद."

त्या दिवसापासून लाईट गेली की अख्खा तालुका शिव्या घालायचा आणि आम्ही तिघं एकमेकांना टाळ्या द्यायचो. एकदा दुकानात ही टाळी एका गिऱ्हाईकानं बघितली. ऊस वाळतोय म्हणून तो रडकुंडीला आलेला. त्यानं मोटर उचलली आणि दुसऱ्या दुकानात गेला.

* * *

आता शेवटचं.

उन्हाळा होता. आबांच्या मावसभावाची मेंढरं तेव्हा भिगवणच्या काठाला चरायला होती. आबा हल्ली तिकडंच राहायचे. दुसऱ्याची का होईना, मेंढरं होती. आम्ही विमान जोडायला लागलो तेव्हा ते कळपाच्या कडेला घोंगडीवर बसलेले दिसले. आमच्याकडं पाठ करून.

विलासनं त्यांना बघितलं. मग मला म्हणाला, "सर, आज उडालं पायजे. आज न्हाय उडलं तर मी ह्ये सोडलं."

मला नेहमीचं वाक्य तोंडावर आलं होतं. त्या दिवशी मी ते गिळलं.

दुपारी ठरल्या वेळेला लाईट गेली. काठावरची घरघर एकेक करत थांबली. चाकाखाली लिंबं नाहीत हे सार्जंटांनी स्वतः वाकून बघितलं. मग रिमोट हातात घेतला, मोटर सोडली, आणि आमचं पोपटी-जांभळं विमान वीस पावलांत जमिनीवरून उठलं.

इंजिनाचं विमान कोकलतं. हे नुसतं सुंई करत होतं. सार्जंटांनी ते वर नेलं, एक गोल कोलांटी मारली, मग उलटं करून आमच्या डोक्यावरून नेलं. मी रडत होतो आणि मला ते कळतही नव्हतं. वहिनींनी पदर तोंडावर धरला होता. सार्जंट म्हणाले, "विलास, घे. तुझी मोटर आहे."

छोट्या ग्लायडरवर विलासला त्यांनी शिकवलं होतं. विलासनं रिमोट घेतला. सरळ नेलं, वळवलं, परत आणलं. आबांची पाठ तशीच होती. विलास तिकडंच बघत होता आणि विमान हळूहळू तिकडंच नेत होता.

आणि लाईट आली.

काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम घुरघुरल्या. विमानाचा डावा पंख खाली गेला. विलासनं रिमोटची काडी उजवीकडं दाबली. काही नाही. विमान एका अंगावर कलंडून पाण्याकडं निघालं.

"मोटर बंद कर," सार्जंट म्हणाले. "विलास, मोटर बंद कर!"

"केलीया! ऐकत न्हाय!"

विमान लहान होत चाललं होतं. खाली पाणी, पलीकडं मैलभर पाणी. विलासचा अंगठा पांढरा पडला होता. तो रिमोट डोक्यावर धरून पाण्याच्या दिशेनं पळायला लागला, जणू जवळ गेलं तर ऐकेल. वहिनी त्याच्यामागं. मी जागचा हललो नाही.

तेव्हा आबा उठले.

घोंगडी खाली पडली. त्यांनी कपाळावर आडवा हात धरून पाण्यावर बघितलं. मग दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. असली शीळ मी कधी ऐकली नव्हती, कानातून आरपार. सगळी मेंढरं चरायची थांबली. आबांनी हात वर करून, कळपातलं फुटलेलं जनावर बोलवावं तशी हाक दिली, "हिर्रर्रऽऽ! फीर माघारीऽऽ!"

मागं डीपीकडं कुठंतरी फट्ट वाजलं आणि काठावरची घरघर बंद पडली.

विमानाचा डावा पंख वर आला. ते सरळ झालं. मग पाण्यावर एक मोठं वळण घेऊन काठाकडं फिरलं.

विलास पळता पळता थांबला. त्यानं रिमोट डोक्यावरून छातीशी घेतला. विमान खाली येत गेलं, आबांच्या डोक्यावरून गेलं, मेंढरं दोन्हीकडं पांगली, आणि मधल्या मोकळ्या जागेत ते टेकलं. दोनदा उसळलं, मग थांबलं.

सगळ्यांत आधी आबा पोचले. आम्ही धापा टाकत गेलो तोवर ते विमानापाशी उकिडवे बसले होते. सार्जंट काही सांगायला पुढं झाले. मी त्यांचा दंड धरला.

आबांनी विमानाच्या नाकावर हात ठेवला. चटका बसला असणार, पण हात काढला नाही. पोपटी पंखावरून हात फिरवत शेपटीपर्यंत नेला, पुन्हा नाकावर आणला. मग वर बघितलं. वहिनी शेजारीच उभ्या होत्या, पण आबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. विलासकडं बघितलं.

"आंग लई तापलंय ह्येचं," आबा म्हणाले. "सावलीला घी. आन फुडच्या येळंला सोडशील तवा मला बोलवत जा. तुजं ऐकत न्हाय त्ये."